समुद्राकडे तोंड करून जेवावं म्हणतो

परदेशातल्या मंडळांच्या अंकांत सुट्टीच्या सहलींवर जे लेख येतात ते मी नेमाने वाचतो. ईदच्या सुट्टीत जेद्दाला जाऊन आलो, हाफ मून बेवर दोन रात्री राहिलो, पूल ओलांडून बहरीनला गेलो, अशा मथळ्यांचे. त्यांतला साचा आता पाठ झाला आहे. गाडी किती किलोमीटर चालवली, पेट्रोल किती स्वस्त पडलं, हॉटेलच्या खोलीत इलेक्ट्रिक कुकरवर खिचडी कशी टाकली, फोटो कुठे काढले, आणि शेवटी "एकूण ट्रिप छान झाली." जेवणाबद्दल दोनच वाक्यं असतात: शाकाहारी मंडळींचे थोडे हाल झाले, आणि मासा बाकी ताजा होता. एखाद्या नाटकाबद्दल कुणी "पडदा वेळेवर उघडला आणि खुर्च्या मऊ होत्या" एवढंच लिहिलं तर आपण त्याला परीक्षण म्हणणार नाही. मग समुद्रकाठच्या गावावर आणि तिथल्या पंगतीवर लिहिताना एवढ्यावर का भागवतो?

समुद्रकाठचं गाव पाहुण्याला जेवू कसं घालतं, हा त्या गावाने बसवलेला एक प्रयोगच असतो, असं माझं म्हणणं आहे. त्याला नेपथ्य असतं, पात्रं असतात, प्रवेशाचे नियम असतात. पुढच्या रांगेत कुणाला बसवायचं आणि दाराबाहेर कुणाला ठेवायचं, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. प्रयोग म्हटला की त्याचं परीक्षण करता यायला हवं. मी साहित्याचा समीक्षक नव्हे; इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केली आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण आमच्या धंद्यात एखादी सिस्टिम तपासायची तर ती कुणासाठी बांधली, रांगेत कोण खोळंबलं, आणि कुणाची दखलच घेतली गेली नाही, हे आधी विचारतात. सौदी अरेबियातल्या समुद्रकाठच्या जेवणाला मी तेच विचारणार आहे. जेद्दा आणि अल खोबर ही दोन गावं आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाची. त्यांच्यापुरतंच बोलतो.

मोजपट्टी

परीक्षणाला तुलना लागते. त्यासाठी वाचकांना जरा लांब, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नेतो. ग्लासगोच्या गोद्यांत आणि कारखान्यांत राबणारी माणसं जुलै महिन्यात 'ग्लासगो फेअर'ची सुट्टी लागली की आगबोटीत बसून क्लाईड नदीच्या मुखाकडे जात. तिथल्या बोलीत याला 'डून द वॉटर' म्हणत, म्हणजे पाण्यापाण्याने खाली. रोथसे, लार्ग्ज अशी ती गावं. समुद्र असा गार की पाय बुडवला तरी शिरशिरी यावी, आणि पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही. तरीही लोक पिढ्यान् पिढ्या जात राहिले. पोहायचं नाही, ऊन नाही, मग करायचं काय? तर समुद्राकडे बघत बसायचं आणि खायचं. तळलेला मासा, बटाट्याचे काप, आइस्क्रीम.

लार्ग्जच्या समुद्रासमोरच्या रस्त्यावर १९३५ साली 'नार्दिनी' नावाचं प्रशस्त कॅफे उघडलं. नावावरून कळतंच की मालक स्कॉटिश नव्हेत, इटलीतून आलेलं कुटुंब. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची आइस्क्रीमची आणि फिश-अँड-चिप्सची कितीतरी दुकानं अशाच इटालियन कुटुंबांनी चालवली. १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली, तेव्हा स्कॉटलंडमधल्या गावागावांत जमावाने याच इटालियनांच्या दुकानांच्या काचा फोडल्या आणि पुष्कळ पुरुषांना सरकारने स्थानबद्ध केलं. काल ज्याच्या हातचं आइस्क्रीम खाल्लं तो एका रात्रीत परका झाला. युद्ध संपलं, आणि तीच नावं पुन्हा त्याच दुकानांवर दिसू लागली.

ही गोष्ट सांगायचं कारण, तिच्यातून परीक्षणाचे तीन प्रश्न मला मिळतात. जेवणाऱ्याला समुद्र दिसतो का? त्याच्या शेजारच्या टेबलावर कोण बसू शकतो? आणि वाढणारा कोण, त्याला त्या समुद्राकाठी बसायची कधी पाळी येते का? चव, स्वच्छता आणि बिल यांचा विचार नंतर.

रोशन आणि धुरकट काच

पहिला प्रश्न जेद्दाला विचारू. १९७० च्या दशकात, तेलाच्या पैशाने शहर झपाट्याने वाढत असताना, महापौर मोहम्मद सईद फारसी यांनी समुद्रकाठचा रस्ता, म्हणजे कॉर्निश, असा सजवला की जगात त्याला तोड कमी. हेन्री मूर, होआन मिरो, अलेक्झांडर काल्डर अशा नामवंतांची शिल्पं उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभी केली. मनुष्याकृती कुठेही नाही, नुसते आकार. १९८५ पासून तिथे किंग फाहद कारंजं उडतं. ते समुद्राचंच पाणी २६० मीटरच्या वर फेकतं. नेपथ्याला नाव ठेवायला जागा नाही.

पण या नेपथ्यासमोर जेवायला कुठे बसायचं? समुद्रापासून रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला हॉटेलांची रांग होती, आणि त्यांच्या काचा धुरकट किंवा कागद चिकटवून झाकलेल्या. आत कुटुंबं बसलेली, तेव्हा बाहेरून कुणाला दिसू नये हा हेतू. हेतू समजण्यासारखा आहे, हवामानही समजून घेतलं पाहिजे. वर्षातले सहा-सात महिने तिथली हवा अशी दमट असते की चष्मा घालून गाडीतून उतरावं तर दोन मिनिटं काही दिसत नाही. एअरकंडिशनरला पर्याय नव्हता. पण परिणाम असा झाला की लाल समुद्राकाठी बसलेला माणूस भिंतीवरच्या स्वित्झर्लंडच्या पोस्टरकडे बघत मासा खायचा.

गंमत म्हणजे याच शहराने हा प्रश्न पूर्वी जास्त हुशारीने सोडवला होता. अल-बलद या जुन्या जेद्दात प्रवाळाच्या दगडांची उंच घरं आहेत. २०१४ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या घरांना भिंतीबाहेर काढलेल्या लाकडी जाळीदार खिडक्या असतात, त्यांना रोशन म्हणतात. आतल्या माणसाला रस्ता दिसतो, समुद्राचा वारा लागतो, आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. आडोसा आणि दृश्य या दोन्ही गरजा एकाच खिडकीने भागवल्या. धुरकट काचेने आडोसा ठेवला आणि दृश्य मारलं. इंजिनिअर म्हणून मला हा डिझाइनचा पराभव वाटतो, कारण चांगलं उत्तर दोन मैलांवर उभं होतं.

मग समुद्राकडे तोंड करून कुणी जेवतच नव्हतं का? जेवत होते, आणि झकास जेवत होते, पण हॉटेलात नव्हे. रात्री उशिरा, हवा जरा हलली की सौदी, येमेनी, इजिप्शियन, सीरियन कुटुंबं कॉर्निशवर यायची. गाडीच्या डिकीतून सतरंजी निघायची, मग गहव्याचा थर्मास, खजूर, सूर्यफुलाच्या बिया, आणि घरून आणलेला नाहीतर पार्सल घेतलेला भात. मुलं मध्यरात्रीपर्यंत सायकली फिरवायची. खोबरच्या कॉर्निशवरही हेच, आणि हाफ मून बेला तर वाळूच्या टेकड्या थेट पाण्यात उतरतात, तिथे शेगडीच पेटायची. सौदी किनाऱ्यावरचं सगळ्यात चांगलं उपाहारगृह म्हणजे ही सतरंजी, असं माझं स्पष्ट मत आहे. टेबल नाही, वेटर नाही, मेन्यूकार्ड नाही, आणि समोर अख्खा समुद्र.

आपण कोकणाकडे पाहिलं तर यात फार परकं काही नाही. गुहागर, मुरुड, मालवण कुठेही घ्या. जुनं घर समुद्राकडे पाठ करून, नारळी-पोफळीच्या आड बसलेलं. समुद्र हा वाऱ्याचा, खाऱ्या हवेचा आणि कामाचा. त्याच्याकडे बघत जेवायची कल्पना पाहुण्यांबरोबर आली. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतर 'सी व्ह्यू' हा शब्द कोकणातल्या पाट्यांवर पसरत गेला. ज्याचं पोट समुद्रावर असतं त्याला समुद्र 'पाहायचा' नसतो, ही गोष्ट लाल समुद्राला आणि अरबी समुद्राला सारखीच लागू आहे.

किलोवर मासा

आता पानाकडे वळतो. इथल्या माशाच्या हॉटेलात मेन्यूकार्डाला महत्त्व कमी. दारातच बर्फावर मासे मांडलेले असतात. तुम्ही बोट दाखवायचं, तो तोलणार, आणि किलोचा भाव सांगून विचारणार: मश्वी की मक्ली? भाजून की तळून? सोबत भात, तिळाची ताहिना चटणी, कापलेली काकडी-टोमॅटो आणि मोठी रोटी. जेद्दात कांदा खरपूस परतून त्या रंगात शिजवलेला भात मिळतो, त्याला सय्यादिया म्हणतात, म्हणजे कोळ्याचा भात. आखाताच्या बाजूला कनाद म्हणजे आपली सुरमई, झुबैदी म्हणजे पापलेट, रुबियान म्हणजे कोळंबी. हामूर मात्र ज्याने त्याने आपल्या घरच्या माशाशी ताडून पाहावा आणि वाद घालावा.

ही पद्धत मला मालवणी थाळीपेक्षा प्रामाणिक वाटते, असं म्हटलं तर काही मंडळी रागावतील. थाळीत माशाचा तुकडा किती मोठा येईल हे मालकाच्या मनावर असतं; इथे तराजू तुमच्यासमोर. पण थाळीत जी गोष्ट असते ती इथे नाही. सोलकढी, तिरफळ घातलेली आमटी, तांदळाची भाकरी यांतून त्या गावचा स्वयंपाक तुमच्याशी बोलतो. इथल्या भाजलेल्या माशावर जिरं, लिंबू आणि कोळसा एवढंच बोलतात. हामूर जेद्दात खा नाहीतर खोबरमध्ये, पान बरंचसं सारखंच दिसेल. सय्यादिया हा सन्माननीय अपवाद, आणि पाहुण्याने जेद्दात दुसरं काही खाल्लं नाही तरी तो भात चुकवू नये. शाकाहाऱ्यांच्या हालांबद्दल एवढंच म्हणतो की हुमुस, मुतब्बल, फूल, फलाफल आणि ताजी रोटी समोर असताना हाल झाले असतील तर ते जिभेच्या हट्टामुळे.

आणि अल्बैकचं नाव घेतल्याशिवाय जेद्दाचा विषय संपत नाही. १९७४ साली जेद्दात सुरू झालेलं हे तळलेल्या कोंबडीचं दुकान कितीतरी वर्षं देशाच्या पश्चिम भागापुरतंच होतं. त्यामुळे जेद्दाहून परतणारा माणूस विमानात डब्यांच्या पिशव्या घेऊन चढायचा आणि सगळ्या विमानाला लसणाच्या चटणीचा वास यायचा. रांगा लांब, पण झपाट्याने पुढे सरकणाऱ्या. रांगशास्त्र शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. इथे मजूर आणि मॅनेजर एकाच भावात एकच डबा घेतात. रांगा मात्र वेगळ्या असत. आणि इथे माझा दुसरा प्रश्न येतो.

आइलात आणि अफराद

जुन्या मंडळींना सांगायला नको, पण आपली मुलं ज्या सौदीत मोठी होत आहेत तिथे ही पाटी आता दिसेनाशी झाली आहे, म्हणून लिहून ठेवतो. प्रत्येक हॉटेलाला दोन दारं असत. एकावर 'आइलात', म्हणजे कुटुंबं. दुसऱ्यावर 'अफराद', म्हणजे एकेकटे पुरुष. कुटुंबाच्या भागात पडदे लावलेल्या किंवा फळ्यांच्या केबिनी, आत गालिचा, मधे प्लास्टिकचा सुफ्रा. वेटर बाहेरून टकटक करणार, थांबणार, मग ताट सरकवणार. मुंबई-पुण्याच्या इराण्याकडची 'फॅमिली रूम' आठवत असेल त्यांना हे फार नवीन नव्हतं. आपल्याकडेही बाईमाणसाने हॉटेलात जेवायचं तर पडदा लागायचा, आणि त्याला फार वर्षं झालेली नाहीत.

त्या केबिनीतलं जेवण वाईट नव्हतं. लहान मुलं लोळायची, बायका निवांत बसायच्या, कुणाचं लक्ष नाही. कित्येक मराठी गृहिणींनी मला सांगितलं आहे की असा मोकळेपणा पुण्याच्या हॉटेलातही मिळत नाही. त्याबरोबर वेळेचं गणित सांभाळावं लागे. उम्म अल-कुरा पंचांगाप्रमाणे मगरिब आणि इशा या दोन नमाजांत ९० मिनिटांचं अंतर असतं, रमजानमध्ये १२०. मगरिबला दुकान बंद होऊन उघडेपर्यंत अर्धा तास जाई. उरला एक तास. त्यात मासा निवडून, तोलून, भाजून पानात पडायला पाऊण तास. म्हणजे पहिला घास आणि इशाची अजान जवळजवळ एकदम. आत असलात तर शटर ओढलं जाई आणि तुम्ही मंद दिव्यात जेवत राहायचं. बाहेर असलात तर पोरांना समजावत फुटपाथवर उभं राहायचं.

पण या सगळ्या व्यवस्थेचं खरं परीक्षण 'अफराद'च्या दारातून करायला हवं, आणि आपल्या लेखांत ते दार कधी येत नाही. इथल्या बोलीत या पुरुषांना 'बॅचलर' म्हणतात. हा बॅचलर कोण? रत्नागिरी, खेड, मंडणगड, श्रीवर्धनचा ड्रायव्हर किंवा फोरमन, गावाकडे बायको आणि तीन मुलं, त्यांच्या शाळेची फी दर महिन्याला इथून जाते. लग्नाला पंधरा वर्षं झालेला बॅचलर! कुटुंबाचा व्हिसा हुद्द्यावर आणि पगारावर अवलंबून, त्यामुळे त्याचं कुटुंब इथे येऊच शकत नाही; आणि कुटुंब सोबत नाही म्हणून बागेच्या, मॉलच्या आणि हॉटेलच्या चांगल्या भागात त्याला प्रवेश नाही. संगणकाच्या भाषेत याला सर्क्युलर कंडिशन म्हणतात: अट पुरी होण्यासाठी जे लागतं तेच त्या अटीने अडवलेलं.

तिसरा प्रश्न इथेच दुसऱ्यात मिसळतो. आखातातला मासा पकडणाऱ्या होड्यांवर कितीतरी खलाशी तमिळ आणि मल्याळी आहेत. भाजणारा बहुधा येमेनी किंवा इजिप्शियन. वाढणारा केरळचा, बांगलादेशचा. इथला कोळंबीचा हंगाम ऑगस्टच्या आरंभी उघडतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदीही ३१ जुलैलाच संपते. दोन्ही समुद्रांवर एकाच आठवड्यात जाळी पडतात, आणि दोन्हीकडे ती ओढणारा हात पुष्कळदा आपल्याच देशाचा असतो. आपण पानातल्या माशाचं नाव विचारतो, वाढणाऱ्याचं विचारत नाही. लार्ग्जच्या गिऱ्हाइकांना निदान मालकाचं नाव पाटीवर वाचता येत होतं.

भिंत पडल्यावर

मग प्रयोग बदलला, आणि भराभर बदलला. २०१८ च्या जूनमध्ये बायका गाडी चालवू लागल्या. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पर्यटकांसाठी व्हिसा सुरू झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने जाहीर केलं की हॉटेलांना दोन दारं ठेवायची सक्ती यापुढे नाही. २०२१ पासून नमाजाच्या वेळीही दुकानं उघडी राहू लागली. जेद्दाचा नवा समुद्रकिनारा २०१७ साली खुला झाला होता. तिथे आणि खोबरलाही आता टेबलं काचेबाहेर आली. कॉफीच्या दुकानात सौदी मुलं आणि मुली स्वतः ऑर्डर घेताना दिसतात. धुरकट काचा गेल्या, माणसं समुद्राकडे तोंड करून बसली. माझ्या पहिल्या प्रश्नाला जेद्दाने उशिरा का होईना, चांगलं उत्तर दिलं, आणि मनापासून दाद द्यावी असं ते आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अर्धवट आहे. दारावरची पाटी गेली, बिलावरची आली. २०२० च्या जुलैपासून मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला. लाल समुद्रातल्या बेटांवर आणि किनाऱ्यावर २०२३ पासून जी नवी रिसॉर्ट उघडत आहेत, तिथे एका रात्रीचं भाडं म्हणजे कॅम्पात राहणाऱ्या माणसाचा एक-दोन महिन्यांचा पगार. जेद्दाच्या उत्तरेला ओभूरच्या खाडीवर तिकीट काढून जायचे खासगी किनारे पूर्वीपासून आहेत, त्यांचीच ही श्रीमंत भावंडं. पूर्वी विचारत, सोबत कुटुंब आहे का? आता विचारतात, कार्ड कुठलं? दोन्ही प्रश्नांना 'नाही' म्हणणारा माणूस तोच आहे. त्याची जागा अजूनही तीच जुनी सतरंजी, आणि तिला जागा देणारा फुकटचा किनारा जेवढा शिल्लक राहील तेवढीच.

याच काळात आपल्यावरही एक पाळी आली, तिची आठवण करून देणं भाग आहे. २०१७ च्या जुलैपासून परदेशी नोकरदाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक व्यक्तीमागे महिना १०० रियाल फी सुरू झाली आणि दर वर्षी शंभराने वाढत २०२० साली ती ४०० वर पोचली. बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाला १४,४०० रियाल. कितीतरी इंजिनिअर, अकाउंटंट, लॅब टेक्निशियन यांनी हिशेब मांडला आणि बायकामुलांना पुण्याला, नागपूरला, बेळगावला पाठवलं. काल 'आइलात'च्या दाराने आत जाणारा माणूस आज 'अफराद'च्या रांगेत उभा होता, आणि शुक्रवारी दुपारी बिर्याणीचं पार्सल घेऊन एकट्या फ्लॅटवर जात होता. हुद्दा तोच, डिग्री तीच, पगारही तोच. बदललं काय, तर व्यवस्थेच्या एका रकान्यातला आकडा. 'बॅचलर' ही दुसऱ्या कुणाची तरी जात आहे असं जे आपण समजत होतो, ते किती तकलादू होतं हे त्या तीन वर्षांत कळायला हवं होतं.

आपलं पत्रक

कळलं का? याचं उत्तर शोधायला सरकारी हुकूम वाचायची गरज नाही, मराठी मंडळींच्या समुद्रकाठच्या सहलींची पत्रकं वाचली तरी पुरे. मजकूर ठरलेला असतो: कौटुंबिक सहल, प्रति कुटुंब इतके रियाल, मुलांसाठी खेळ, भगिनींसाठी पाककला स्पर्धा, जेवणात पुरी-भाजी, मसालेभात आणि श्रीखंड. वाचायला गोड आहे. पण एकट्या माणसाने किती रियाल द्यायचे, ते त्यात नसतं. त्याला कुणी येऊ नको म्हणत नाही. फॉर्ममध्ये त्याच्यासाठी रकानाच नसतो. सौदी सरकारने जी सक्ती २०१९ साली उठवली ती आपण आपल्या फॉर्ममध्ये जपून ठेवली आहे.

याला उत्तर म्हणून जी कारणं दिली जातात ती मी ऐकली आहेत. बायकांना अवघडल्यासारखं होतं, ओळख नसते, संख्या आवाक्याबाहेर जाईल. पहिलं कारण तर शब्दशः तेच आहे जे धुरकट काचेच्या बाजूने दिलं जायचं, आणि त्या काचेवर आपण वर्षानुवर्षं विनोद केले. ओळख नसते, कारण आपण बोलावत नाही. ही पुन्हा तीच सर्क्युलर कंडिशन. संख्येचं म्हणाल, तर गणपतीला आरतीच्या वेळी ढोलकी धरायला, मंडप बांधायला, गाडीने सामान आणायला हीच मंडळी लागतात, तेव्हा संख्या बरोबर आवाक्यात असते.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल तर आपली पानं पूर्ण गप्प आहेत. हाफ मून बेच्या सहलीला पातेली उचलून आणणारा, पुऱ्या तळणारा केटररचा माणूस समुद्राकडे पाठ करून दिवसभर उभा असतो. तो कुठला, त्याला पंगतीत बसवलं का, त्याने पाण्यात पाय बुडवला का, हे वृत्तांतात येत नाही. श्रीखंड घट्ट होतं हे येतं.

म्हणून प्रवासाचे लेख लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. किलोमीटर लिहा, पेट्रोल लिहा, कारंज्याचा फोटोही छापा. त्याबरोबर जेवलात कुठे बसून, समोर काय दिसत होतं, शेजारी कोण होतं आणि कोण असू शकलं नसतं, वाढणाऱ्याचं गाव कोणतं, हेही लिहा. ही माहिती वीस वर्षांनी उपयोगी पडेल, कारण ही पाटीवाली हॉटेलं, या केबिनी, ही नव्वद मिनिटांची धावपळ कुणी नोंदवली नाही तर पुढच्या पिढीला ती कुठेच सापडणार नाही.

मंडळांच्या चालकांना तर विनंती याहून लहान आहे. थंडी पडली की पुढच्या सहलीचं पत्रक निघेल. त्यावर 'प्रति कुटुंब' खोडून 'प्रति माणशी' छापा, आणि केटररच्या माणसांची पानं आपल्या संख्येत धरून ऑर्डर द्या. खर्च फार वाढणार नाही. सतरंज्या मात्र थोड्या जास्त लागतील, आणि त्या समुद्राच्या बाजूला अंथराव्या.